न निघणारा बोल्ट

कला शाखेच्या महाविद्यालयाच्या वार्षिकांकात बोल्टवर लेख कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येणे साहजिक आहे. त्याचे उत्तर आपल्या वाहनतळावर मिळेल. पैठण, गंगापूर, फुलंब्री, खुलताबाद या बाजूंनी रोज वर्गाला येणारे आपले कितीतरी मित्र मोटारसायकलवर येतात, आणि त्यांतल्या बहुतेक गाड्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या हातातून आलेल्या असतात. गाडी नवी असते तेव्हा तिचा प्रत्येक बोल्ट पान्याला दाद देतो. आठ-दहा पावसाळे खाल्लेल्या गाडीचे तसे नसते. साधे ऑइल बदलायला बसावे आणि तळाचा बोल्ट हलूच नये. सायलेन्सर काढायला जावे आणि बोल्टचे डोके पान्यात राहून दांडा इंजिनातच मोडावा, हा अनुभव जुन्या गाडीच्या मालकाला नवा नाही. असा एक बोल्ट मोडला म्हणजे पाच मिनिटांचे काम चार दिवसांवर जाते, खिशातले पैसे जातात आणि बुडालेले तास वेगळेच.

शिवाय आपले शहर हे मोटारसायकलींचे शहर आहे. वाळूज येथे १९८५ साली बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला आणि त्याच्या भोवती सुटे भाग बनविणाऱ्या लहानमोठ्या उद्योगांची वसाहत वाढत गेली. चिकलठाणा आणि वाळूज या औद्योगिक वसाहतींतून घरी परतणारा कामगार हा आपल्यापैकी अनेकांचा वडील, काका किंवा भाऊ असतो. २०२३ साली शहराचे नाव औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर झाले, पण सकाळी पाळीला जाणाऱ्या दुचाक्यांची रांग आहे तशीच आहे. ज्या गावात बोल्ट आवळून पोट भरणारे इतके लोक राहतात, त्या गावातल्या पदवीधराला बोल्ट म्हणजे काय हे ठाऊक असू नये, हे काही बरे नाही. म्हणून हा लेखनप्रपंच.

बोल्ट धरतो कसा?

बोल्ट म्हणजे दांड्याभोवती गुंडाळलेला एक चढ. गडाची वाट जशी वळणे घेत वर चढते, तसे आटे दांड्याभोवती वळत जातात. एक पूर्ण फेरा दिला की बोल्ट एका आट्याइतका आत सरकतो. सहा मिलिमीटर जाडीच्या नेहमीच्या बोल्टमध्ये हे अंतर एक मिलिमीटर असते, आठ मिलिमीटरच्या बोल्टमध्ये सव्वा मिलिमीटर.

डोके टेकल्यानंतरही आपण पाना ओढत राहतो, तेव्हा बोल्ट अगदी किंचित ताणला जातो. तो खरे तर एक अतिशय ताठ स्प्रिंगच असतो. ताणलेला बोल्ट मूळ लांबीवर येऊ पाहतो आणि त्या ओढीने दोन भाग एकमेकांवर दाबून धरतो. आता गंमत अशी की, आपण पान्यावर लावलेल्या शंभर भाग जोरापैकी ढोबळ मानाने पन्नास भाग डोक्याखालच्या घर्षणात जातात, चाळीस भाग आट्यांच्या घर्षणात जातात आणि जेमतेम दहा भाग प्रत्यक्ष ताण निर्माण करण्याच्या कामी येतात. याचा अर्थ बोल्ट जागेवर राहतो तो मुख्यतः घर्षणामुळे. हे घर्षण वाढले की तो अडकतो. म्हणून अडकलेला बोल्ट काढण्याची सारी विद्या एका वाक्यात सांगता येते: जोर वाढवण्याच्या आधी घर्षण कमी करा.

तो अडकतो का?

पहिले कारण गंज. पावसाचे पाणी आट्यांतल्या बारीक फटीत शिरते आणि तेथून लवकर वाळत नाही. लोखंड गंजले की होणारा गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा व्यापतो. फट तर तेवढीच असते. मग तो गंज पाचरीसारखा आटे दाबून धरतो.

दुसरे कारण दोन धातूंची संगत. मोटारसायकलचे इंजिन ॲल्युमिनियमच्या ओतीव भागांचे असते आणि बोल्ट पोलादाचे. हे दोन धातू एकमेकांना चिकटून असताना त्यांत ओलावा शिरला, तर विजेच्या सेलमध्ये घडते तशी क्रिया सुरू होते आणि ॲल्युमिनियम झिजू लागते. जुने इंजिन खोलताना बोल्टभोवती जी पांढरी भुकटी दिसते ती हीच. गंजापेक्षा ही भुकटी अधिक चिवट असते.

तिसरे कारण उष्णता. सायलेन्सर जेथे इंजिनाला जोडलेला असतो तेथले स्टड रोज तापतात आणि रोज निवतात. त्यांवरचे तेल केव्हाच जळून गेलेले असते. म्हणून मोटारसायकलवर सर्वांत जास्त मोडणारे स्टड म्हणजे हेच.

चौथे कारण माणूस. पूर्वी कोणीतरी पान्याला पाइप लावून तो बोल्ट गरजेपेक्षा कितीतरी जास्त आवळलेला असतो, किंवा तिरपा घालून आटे चढवलेले असतात. क्वचित कारखान्यातच आट्यांना चिकटद्रव्य लावलेले असते. डिस्क ब्रेकच्या बोल्टांना ते हमखास असते आणि ते योग्यच आहे. त्या बोल्टने आपणहून ढिले होता कामा नये.

हात लावण्यापूर्वी

सर्वप्रथम तारेच्या ब्रशने बोल्टभोवतीची माती आणि गंज साफ करावा. माती तशीच ठेवून तेल ओतले तर तेल मातीच पिते. डोक्याच्या खाचेत चिखल असेल तर खिळ्याने टोकरून काढावा, नाहीतर पाना पूर्ण बसत नाही आणि घसरतो.

दुसरे, दिशा. डोक्याकडे पाहताना घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरवले की बोल्ट सुटतो, हे सर्वांना माहीत असते. पण गाडीखाली आडवे होऊन तळाचा ऑइलचा बोल्ट सोडताना भल्याभल्यांची दिशा चुकते आणि ते तो आणखी आवळतात. अशा वेळी आपण डोक्यासमोर उभे आहोत अशी कल्पना करावी आणि मगच हात चालवावा. काही ठिकाणी आटेच उलटे असतात. सायकलच्या डाव्या पायडलचे आटे उलटे असतात हे सायकलवाल्याला विचारा. काही यामाहा गाड्यांच्या उजव्या आरशालाही उलटे आटे असतात.

तिसरे, पाना. मोटारसायकलवर निम्म्याहून अधिक डोकी खराब होतात ती चुकीच्या पान्याने. दोन्ही तोंडे उघडी असलेला पाना डोक्याच्या दोनच बाजू धरतो. रिंग पाना किंवा गोटी पाना सगळीकडून धरतो. त्यातही आत सहा कोन असलेली गोटी बारा कोनांच्या गोटीपेक्षा चांगली, कारण ती कोपऱ्यावर नव्हे तर सपाट बाजूवर जोर देते. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. जुन्या बुलेटवर ब्रिटिश मापाचे बोल्ट असतात. जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ साली सुचवलेल्या पद्धतीत आट्यांचा कोन ५५ अंशांचा, तर आजच्या मेट्रिक आट्यांचा ६० अंशांचा. अशा डोक्यावर मेट्रिक पाना 'जवळपास' बसतो, आणि हे जवळपासच घात करते.

तेल आणि सबुरी

आता तेल. बाजारात यासाठी फवाऱ्याचे डबे मिळतात. त्यांतले सर्वांत प्रसिद्ध डब्ल्यूडी-४० हे १९५३ साली अमेरिकेत सान डिएगो येथे पाणी हटविण्यासाठी तयार झाले, आणि नावातला ४० हा आकडा चाळिसाव्या प्रयत्नाचा आहे. मुद्दाम आट्यांत झिरपण्यासाठी बनविलेली तेलेही मिळतात आणि ती अधिक गुणकारी असतात. आपल्याकडचे जुने मिस्त्री रॉकेल किंवा डिझेल वापरत आले आहेत. पातळ असल्याने तेही झिरपते, मात्र त्याला वेळ अधिक लागतो.

खरे औषध तेल नव्हे, वेळ आहे. संध्याकाळी तेल सोडावे, हातोडीने डोक्यावर हलकेच दहा-बारा ठोके द्यावेत, रात्री झोपण्यापूर्वी पुन्हा तेल सोडावे आणि सकाळी पाना लावावा. ठोक्यांनी गंजाच्या थराला बारीक तडे जातात आणि तेलाला वाट मिळते. येथे एक इशारा दिलाच पाहिजे. ब्रेकच्या डिस्कवर किंवा ड्रममधील लायनरवर हे तेल एक थेंबही उडता कामा नये. बोल्ट निघेल, पण ब्रेक लागणार नाही.

पाना लावल्यावर एकदम जोराचा झटका देऊ नये. प्रथम बोल्ट किंचित आवळण्याच्या दिशेने दाबावा. हे ऐकायला विचित्र वाटते, पण गंजाची पकड कोणत्याही दिशेने सुटली तरी आपले काम होते. मग सोडण्याच्या दिशेने. तो पाव फेरा हलला की आनंदाने गरागरा फिरवू नये. पुन्हा थोडा आत न्यावा, तेल द्यावे, पुन्हा बाहेर आणावा. असे पुढे-मागे करत गंजाचा चुरा बाहेर काढावा लागतो.

या वेळी हाताला काय जाणवते इकडे सारे लक्ष असावे. 'कट्' असा कोरडा आवाज येऊन पाना हलला तर बोल्ट सुटला. परंतु आवाज न येता पाना मऊपणे, रबर पिळल्यासारखा फिरू लागला, तर बोल्ट सुटत नाही, तो पिळला जात आहे. तेथे तत्काळ थांबावे. आणखी एक अष्टमांश फेरा आणि दांडा मोडलाच म्हणून समजा.

पाइप लावून जोर वाढवण्याचा मोह या ठिकाणी होतो. त्याचा हिशेब करून पाहू. सहा मिलिमीटरचा बोल्ट साधारण १० न्यूटन-मीटर इतकाच आवळायचा असतो. म्हणजे दहा सेंटिमीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला सुमारे दहा किलोचा जोर. त्याच पान्याला पाइप जोडून लांबी पन्नास सेंटिमीटर केली आणि हात तोच ठेवला, तर जोर पाचपट होतो. एवढा पीळ सहा मिलिमीटरच्या नेहमीच्या बोल्टला सोसवतच नाही. पाइपची शक्ती मोठ्या बोल्टसाठी, चाकाच्या एक्सलच्या नटसाठी ठीक आहे. इंजिनच्या बारीक बोल्टांना ती काळ आहे.

उष्णतेचा उपयोग

तेलाने भागले नाही तर उष्णता. तापल्यावर ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. सहा मिलिमीटरचे भोक आणि त्यातला बोल्ट शंभर अंशांनी तापवला, तर भोक बोल्टपेक्षा साधारण सात सहस्रांश मिलिमीटरने अधिक मोठे होते. हे अंतर डोळ्यांना दिसणार नाही इतके थोडे आहे, पण गंजाची पकड मोडायला ते पुरते. म्हणून तापवायचे ते शक्यतो बोल्टला नव्हे, भोवतालच्या भागाला. उकळते पाणी ओतावे, गरम हवेचा पंखा वापरावा किंवा लहान ज्योत फिरवावी. चिकटद्रव्य लावलेल्या बोल्टलाही उष्णता हाच उपाय आहे. लाल रंगाचे जे पक्के द्रव्य असते ते सुमारे २५० अंशांना मऊ पडते.

कारागिरांची एक जुनी युक्ती मेणबत्तीची. बोल्ट तापवून त्याच्या कडेला मेणबत्ती टेकवली की मेण वितळून आट्यांत ओढले जाते. कंदिलाच्या वातीत रॉकेल चढते त्याच नियमाने हे घडते.

पण ज्योत हातात घेण्यापूर्वी तीन गोष्टी. पेट्रोलची टाकी उतरवून दूर ठेवावी, निव्वळ कॉक बंद करून भागत नाही. नुकतेच तेल फवारलेल्या जागेवर ज्योत धरू नये. आणि ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळते, तेही लोखंडासारखे लाल न होता. ते तांबूस दिसण्याची वाट पाहणाऱ्याच्या हाती इंजिनाऐवजी गोळा येईल. स्पार्क प्लगच्या बाबतीत मात्र नियम उलटा आहे. तो इंजिन थंड असताना काढावा, कारण तापलेल्या ॲल्युमिनियमचे आटे मऊ पडून प्लगबरोबर ओरबाडून येण्याची भीती असते.

डोके खराब झाले तर

डोक्याचे कोपरे गोल झाले म्हणजे पाना नुसताच फिरतो. अशा वेळी किंचित लहान मापाची सहा कोनांची गोटी हातोडीने ठोकून बसवून पाहावी. जागा असेल तर कानशीने डोक्याच्या दोन समोरासमोरच्या बाजू घासून लहान मापाच्या पान्याला बसतील अशा कराव्यात. कुलूप लागणारी पकड घट्ट बसवता आली तर तिचाही उपयोग होतो. मात्र ती एकदाच आणि पूर्ण आवळून लावावी, घसरत राहिली तर डोके लाडवासारखे गोल करून ठेवते. शेवटचा उपाय छिन्नीचा. डोक्याच्या कडेला छिन्नी तिरपी लावून सोडण्याच्या दिशेने ठोके द्यायचे.

इंजिनच्या बाजूच्या झाकणांना अधिक खाचेचे स्क्रू असतात. त्यांची कथा थोडी वेगळी आहे. अमेरिकेत हेन्री फिलिप्स यांनी १९३० नंतरच्या दशकात जो अधिक खाचेचा स्क्रू प्रचारात आणला, तो आणि जपानी गाड्यांवरचा स्क्रू दिसायला सारखे, पण खाचेचा आकार थोडा निराळा. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांचे मूळ जपानी. त्यामुळे साधा स्क्रू ड्रायव्हर त्या खाचेत तळाला टेकत नाही, जोर दिला की वर उचलला जातो आणि खाच खाऊन टाकतो. यावर उपाय म्हणजे योग्य मापाचे टोक आणि हातोडीने ठोकायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर. तो एकाच ठोक्यात स्क्रूला आत दाबतो आणि फिरवतोही. झाकणाचे स्क्रू एकामागून एक पूर्ण काढू नयेत. सगळे पाव-पाव फेरा समोरासमोरच्या क्रमाने ढिले करावेत, नाहीतर सारा ताण शेवटच्या स्क्रूवर येतो आणि तोच अडकतो.

दांडा आतच मोडला तर

आता सर्वांत कठीण प्रसंग. दांड्याचा थोडा भाग बाहेर असेल तर निराश होण्याचे कारण नाही. पकडीने धरता येतो. आटे शाबूत असतील तर त्यावर दोन नट चढवून एकमेकांवर आवळावेत आणि आतल्या नटला पाना लावून स्टड सोडावा. हेही साधले नाही तर वेल्डरकडे जावे. तो मोडक्या टोकावर एक नट ठेवून आतून वेल्डिंग करतो. नवा नट म्हणजे नवे डोके मिळते आणि त्या प्रचंड उष्णतेने आट्यांची पकडही सुटते. पोलादाचे वेल्डिंग ॲल्युमिनियमला चिकटत नाही, हा येथे आपला फायदा. वेल्डिंगपूर्वी बॅटरीच्या तारा सोडायला मात्र विसरू नये.

दांडा आत खोल मोडला असेल तर ड्रिलशिवाय मार्ग नाही. येथे मला आपल्या वेरूळची आठवण होते. आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळातले कैलास लेणे एकाच खडकातून, वरून खाली कोरत नेले आहे. तेथे दगड काढायचा होता, जोडायचा नव्हता. जास्तीचा निघालेला दगड परत लावता येत नव्हता. मोडका बोल्ट ड्रिलने काढणे हे तशाच प्रकारचे काम आहे. बोल्टचे पोलाद काढायचे, भोवतालचे ॲल्युमिनियम राखायचे. पोलाद कठीण, ॲल्युमिनियम मऊ, म्हणून ड्रिल संधी मिळताच मऊ बाजूकडे घसरते. एकदा ते घसरले की भोक वाकडे झाले.

यासाठी प्रथम मोडलेले टोक शक्य तितके सपाट करावे. मग बरोबर मध्यावर सेंटर पंचाने खूण करावी, आणि ही खूण करायला दहा मिनिटे लागली तरी लागू द्यावीत. सहा मिलिमीटरच्या बोल्टला आधी दोन-अडीच मिलिमीटरचे भोक, सावकाश आणि तेल देत. डोळ्यांवर चष्मा हवाच. डाव्या फिरकीचे ड्रिल मिळाले तर उत्तम, कारण ते कापताकापताच बोल्टला सोडण्याच्या दिशेने फिरवते आणि पुष्कळदा बोल्ट त्यातच बाहेर येतो. भोक अगदी मध्यात साधले तर ते वाढवत पाच मिलिमीटरपर्यंत न्यावे. मग आट्यांची नुसती पातळ गुंडाळी उरते आणि ती टोकदार चिमट्याने ओढून काढता येते.

भोकात ठोकून उलटे फिरवण्याचे एक हत्यार बाजारात मिळते. त्याला ईझी आउट म्हणतात. नाव 'सहज बाहेर' अशा अर्थाचे आहे, पण नावावर जाऊ नये. ते निमुळते असल्याने ठोकताना बोल्टला आतून फुगवते आणि आणखी घट्ट करते. शिवाय ते अतिशय कठीण पोलादाचे आणि म्हणून ठिसूळ असते. ते आत मोडले तर साधे ड्रिल त्याला कापू शकत नाही. जो बोल्ट पान्याच्या जोराने निघाला नाही, तो त्याहून बारीक हत्याराने निघेल अशी अपेक्षा करणे तर्कालाही धरून नाही. तेल आणि उष्णता हे उपाय आधी करून पकड ढिली केली असेल, तरच त्याचा उपयोग.

हे हत्यार किंवा टॅप आत मोडलाच, तरी इंजिन भंगारात द्यायची गरज नाही. टूल-रूममध्ये विजेच्या ठिणग्यांनी धातू झिजवणारे यंत्र असते. ते कितीही कठीण पोलाद झिजवते आणि भोवतालच्या भागावर जोर मुळीच देत नाही. औद्योगिक वसाहतींच्या या शहरात असे काम करणारे शोधले तर सापडतात. आपले ज्ञान कोठे संपते आणि दुसऱ्याचे कोठे सुरू होते हे ओळखणे, हाही या विद्येचा भागच आहे.

आटे गेले तर

कधी बोल्ट निघतो, पण त्याबरोबर ॲल्युमिनियमचे आटेही बाहेर येतात. तळाच्या ऑइल बोल्टचे हे नेहमीचे दुखणे. दर वेळी थोडा अधिक आवळला जातो आणि एक दिवस नुसताच फिरू लागतो. टेप गुंडाळून तो तसाच बसवणे म्हणजे संकट पुढे ढकलणे. वाटेत तो पडला तर सारे ऑइल रस्त्यावर जाते, मागचे चाक घसरते आणि इंजिन जाम होते. याची पक्की दुरुस्ती आहे. भोक थोडे मोठे करून, खास टॅपने नवे आटे पाडून, त्यात पोलादी तारेची गुंडाळी बसवतात. तिला हेलिकॉइल म्हणतात. तिच्या आत मूळ मापाचा बोल्ट बसतो आणि हे पोलादी आटे मूळच्या ॲल्युमिनियमच्या आट्यांपेक्षा टिकाऊ असतात. लेथवाला बुश बसवूनही हे काम करतो.

पुन्हा बसवताना

काढलेला बोल्ट कोठे लावायचा, हा प्रश्न काढण्याइतकाच महत्त्वाचा आहे. झाकणाच्या बोल्टांची लांबी वेगवेगळी असते. म्हणून पुठ्ठ्यावर झाकणाचा आकार काढून प्रत्येक बोल्ट ज्याच्या त्याच्या जागी टोचून ठेवावा. लांब बोल्ट आखूड भोकात गेला तर तळाला टेकून ओतीव भाग फोडतो. आखूड बोल्ट लांब भोकात गेला तर दोन-तीन आट्यांवरच लटकतो आणि ते आटे ओरबाडतो.

डोक्यावरचे आकडेही वाचावेत. ८.८ अशी खूण असेल तर पहिला आठ सांगतो की हे पोलाद प्रत्येक चौरस मिलिमीटरला ८०० न्यूटनपर्यंतचा ताण सोसून मग तुटते, आणि दुसरा आठ सांगतो की त्या ताणाच्या ऐंशी टक्क्यांपर्यंत ते कायमचे लांबत नाही. ब्रेकचा कॅलिपर, हँडल, एक्सल या ठिकाणी पूर्वी ज्या खुणेचा बोल्ट होता त्याच खुणेचा लावावा. पिळवटलेला, कोपरे गेलेला किंवा बिनखुणेचा बोल्ट तेथे वापरू नये. बीड बायपासवर किंवा जालना रोडवर ट्रकच्या मागे ब्रेक दाबताना आपण ज्याच्या भरवशावर असतो तो असा दोन-तीन इंचांचा बोल्ट असतो.

आट्यांवर तांब्याचे किंवा ॲल्युमिनियमचे ग्रीस अगदी पातळ लावले तर पुढच्या वेळी बोल्ट अडकत नाही. पण वर सांगितलेला घर्षणाचा हिशेब आठवा. ग्रीस लावल्यावर घर्षण कमी होते, म्हणजे तेवढ्याच जोरात बोल्ट अधिक ताणला जातो. तेव्हा हात थोडा आखडता घ्यावा. जेथे चिकटद्रव्य लावायचे असते तेथे ग्रीस लावू नये. आणि पहिले तीन-चार फेरे नेहमी बोटांनीच द्यावेत. बोटांनी फिरत नसेल तर बोल्ट तिरपा जात आहे असे समजून तो परत काढावा.

मिस्त्रींचे शब्द

शेवटी भाषेविषयी थोडेसे, कारण तो आपला प्रांत. आपल्या शहरातल्या गॅरेजमध्ये एक मिश्र बोली चालते. मराठी मुलगा 'आटे गेले' म्हणतो, शेजारचा दखनी बोलणारा 'चूडी गयी' म्हणतो, आणि दोघेही एकाच बोल्टकडे पाहत असतात. गोटी, टॉमी, पाना, पकड, कानस, छिन्नी, जाम, बुश हे शब्द दोघांचेही. खुद्द 'मिस्त्री' हा शब्द पोर्तुगीज 'मेस्त्रे'वरून आला, आणि त्याचा मूळ अर्थ गुरू, उस्ताद असा आहे. आपण बोलीभाषांचे प्रकल्प करतो, ओव्या आणि म्हणी गोळा करतो, ते चांगलेच आहे. पण दोन किलोमीटरवरच्या गॅरेजमध्ये रोज वापरात असलेला हा शब्दसंग्रह कोणी वहीत उतरवून घेत असल्याचे दिसत नाही. जुन्या येझदी आणि राजदूतवर हात बसलेले उस्ताद आता वयाने थकले आहेत. येझदीचे म्हैसूरचे मूळ उत्पादन १९९६ साली थांबले. त्या गाडीचा कोणता स्टड कोठे आणि का मोडतो हे ज्ञान त्यांच्या हातांत आहे, पुस्तकात नाही. भाषा विषयाच्या एखाद्या विद्यार्थ्याने प्रकल्पासाठी एक सुट्टी अशा गॅरेजमध्ये काढली, तर त्याला गुण मिळतील आणि बोल्टही काढता येईल.

एवढे वाचून कोणी लगेच मिस्त्री होणार नाही, हे उघड आहे. पण पुढच्या खेपेला बोल्ट हलला नाही, तर पाइप शोधायला धावण्यापूर्वी तेल सोडून एक रात्र थांबावे, एवढे जरी एखाद्या मित्राने केले तरी पुष्कळ झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी पाना लावताना तो आधी किंचित आत दाबायचा, हे तेवढे विसरू नये.